स्वेटरमधल्या विजेचा उपयोग काय?

प्रश्न : थंडीत रात्री स्वेटर काढताना चटचट आवाज होतो, अंधारात ठिणग्याही दिसतात. या विजेवर निदान मोबाइल तरी चार्ज करता येईल का? की ती नुसती चटके देण्यापुरतीच?
– एक वाचक, राहुरी

उत्तर : मोबाइल चार्ज होणार नाही, पण या विजेने केलेले काम तुम्ही अनेकदा हातात घेतले आहे.

आधी ती येते कुठून ते पाहू. दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना घासल्या की एकीवरचे काही इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. वीज नव्याने तयार होत नाही, असलेल्या प्रभाराची वाटणी बदलते. हा प्रभार तारेतल्यासारखा वाहत नाही, जागीच राहतो. म्हणून ही स्थितिक विद्युत. हवा दमट असली तर तो लवकर निघून जातो. तुमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात हिवाळ्यात हवा कोरडी असते आणि प्रभार टिकतो. ‘थंडीत अंगात वीज वाढते’ हा समज मात्र खरा नाही.

आता मोबाइल. चटका जाणवतो तेव्हा विजेचा दाब काही हजार व्होल्ट असतो, घरातल्या 230 व्होल्टच्या कितीतरी पट. तरी आपल्याला इजा होत नाही, कारण प्रभार फारच थोडा असतो. अशा ठिणगीत ऊर्जा असते साधारण एक सहस्रांश ज्यूल. फोनची बॅटरी भरायला सुमारे 50,000 ज्यूल लागतात. म्हणजे पाच कोटी ठिणग्या!

पण हलके कण ओढायला एवढा प्रभार पुरतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, तसे. तहसील कचेरीबाहेर सातबाऱ्याची झेरॉक्स निघते ती याच ओढीवर. यंत्रातल्या ड्रमवर अंधारात प्रभार पसरवतात. सातबाऱ्याच्या कोऱ्या भागावरून परतलेला उजेड ड्रमवर जिथे पडतो, तिथला प्रभार निघून जातो. अक्षरांच्या जागी तो राहतो. टोनरची काळी भुकटी तेवढ्याच जागी चिकटते, तिथून कागदावर ओढली जाते आणि उष्णतेने वितळून पक्की बसते. म्हणून ताजी प्रत हाताला कोमट लागते. नव्या यंत्रांत उजेडाचे काम लेसर करतो, तत्त्व तेच. 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कमध्ये चेस्टर कार्लसन यांनी अशी पहिली प्रत काढली, तीही गंधकाचा लेप दिलेला पत्रा कापडाने घासूनच.

पत्र्याच्या कपाटांवरचे पावडर कोटिंगही असेच होते. प्रभारित रंगाची भुकटी जमिनीला जोडलेल्या पत्र्याकडे ओढली जाते, मग भट्टीत भाजून पक्की होते. डाळिंब, द्राक्षांच्या बागांसाठी मिळणारे इलेक्ट्रोस्टॅटिक फवारणी पंप औषधाच्या थेंबांना प्रभार देतात. असे थेंब पानाच्या खालच्या बाजूलाही वळतात आणि औषध जमिनीवर कमी सांडते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. फोनला क्षुल्लक असलेली ती एकच ठिणगी पेट्रोलच्या वाफेला पेटवायला पुरेशी असते. प्लास्टिकच्या कॅनमध्ये पेट्रोल ओतताना कॅनवर प्रभार साठतो आणि प्लास्टिकमुळे तो जमिनीत उतरत नाही. इंजिनाच्या पंपासाठी पेट्रोल हवे असेल, तरी असा कॅन घेऊन जाऊ नका.