आनेकलच्या वर्गातले इंग्रजी

आनेकल



माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्याला एकाच तासात दोन कामे करायची असतात. घरी जी भाषा कानावर पडत नाही ती मुलांच्या अंगवळणी पाडायची आणि तिच्यातले थोडे साहित्यही वाचून घ्यायचे. आनेकल तालुक्यातल्या कन्नड माध्यमाच्या वर्गात कन्नडबरोबर तेलुगू, तमिळ, उर्दू बोलणारी मुले असतात, कारण तमिळनाडूची हद्द आणि होसूर हाकेच्या अंतरावर आहे. जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले इथल्या कारखान्यांत बाहेरून कामाला आलेल्यांच्या मुलांमुळे हिंदी, ओडिया, बंगालीचीही भर पडते. निम्मेच कळले तरी अंदाजाने वेळ निभावून नेणे या मुलांना दुकानात, बसमध्ये रोजच करावे लागते. ही सवय शिक्षकाचे भांडवल आहे. ‘इंग्रजी कच्चे’ असा शेरा मारताना नेमके तेच नजरेतून सुटते.

या भांडवलावर उभा राहिलेला एक महत्त्वाचा प्रयोग दक्षिणेतच झाला. ब्रिटिश काउन्सिलच्या मद्रास कार्यालयातले एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात बेंगळुरू, मद्रास आणि आसपासच्या काही साध्या शाळांत तो चालवला. जगभरच्या भाषाशिक्षणाच्या पुस्तकांत तो ‘बंगलोर प्रोजेक्ट’ या नावाने ओळखला जातो. तोवर ठरावीक वाक्यरचना एकेक करून घोटवून घेण्याची पद्धत रूढ होती. प्रभूंनी वर्गात व्याकरणाचा क्रमच ठेवला नाही. नकाशा, रेल्वेचे वेळापत्रक, पैशांचा हिशेब अशी कोडी मुलांपुढे ठेवली. मन अर्थ लावण्यात गुंतले की रचना आपोआप मुरते, असा त्यांचा कयास होता. शिक्षकाने एक कोडे प्रश्नोत्तरांतून सगळ्या वर्गासमोर सोडवायचे आणि तसेच दुसरे प्रत्येकाने आपले आपण सोडवायचे, असा तासाचा साचा होता. निम्म्या मुलांना निम्मे काम जमले तर कोडे बेताचे, हे त्यांचे माप नव्या शिक्षकाला फार उपयोगी पडते. सगळ्यांना सगळे आले तर तासाला फक्त उजळणी झाली असे समजावे. अ‍ॅलन बेरेट्टा आणि अ‍ॅलन डेव्हिस यांनी 1985 मध्ये मांडलेल्या मूल्यमापनाचा कौल सावध होता, तरी प्रयोगाच्या बाजूने झुकलेला होता.

आनेकलमध्ये असे कोडे शोधायला लांब जावे लागत नाही. फळ्यावर काल्पनिक गाड्यांच्या वेळा लिहाव्यात आणि इंग्रजीतून विचारावे : जेवणाच्या वेळेआधी होसूरला पोचायचे तर ‘आनेकल रोड’ स्थानकावरून कोणती गाडी धरावी? ती चुकली तर अत्तिबेलेमार्गे बसने जाणे परवडेल का? उत्तर आधी एका शब्दात येईल, कदाचित कन्नडमध्येही येईल. ते स्वीकारावे आणि पूर्ण इंग्रजी वाक्यात सहज परत म्हणून दाखवावे. बोलणाऱ्याला मध्येच तोडून क्रियापद सुधारू नये. तीच चूक वह्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसली की एखाद्या शनिवारी तेवढे व्याकरण स्वतंत्रपणे शिकवावे. प्रभूंना व्याकरणाचे तास नकोच होते. एवढे टोक गाठण्याची गरज नाही, आणि परीक्षा ते गाठूही देत नाही.

साहित्याचा तास खरा बिघडतो तो गाइडमुळे. धडा एकदा भराभर वाचायचा, अवघड शब्दांचे अर्थ फळ्यावर आणि तयार उत्तरे वहीत, एवढ्यावर पुष्कळ वर्ग आटोपतात. कर्नाटकच्या दहावीच्या द्वितीय भाषेच्या पुस्तकात आलेली आर. के. नारायण यांची ‘अ हीरो’ ही गोष्ट घ्यावी. वाघाशी झुंजलेल्या मुलाची बातमी वाचून वडील आपल्या मुलाला, स्वामीला, एकट्याने कचेरीच्या खोलीत झोपायचे आव्हान देतात. रात्री भेदरलेला स्वामी चोराच्या पायाला चावतो आणि शूर ठरतो. इथे लेखकाचा जीवनपरिचय पाठ करून घेण्यापेक्षा एक प्रश्न पुरतो : स्वामी शूर होता का? वर्गात लगेच दोन तट पडतात, आणि आपली बाजू लढवायला मुलांना पुस्तकातले वाक्य शोधावेच लागते. बन्नेरघट्ट्याच्या जंगलाला लागून राहणाऱ्या मुलांना रात्रीची भीती समजावून सांगावी लागत नाही. 

त्याच पुस्तकात एका नाटकातल्या पोर्शियाचे दयेवरचे भाषण कविता म्हणून आलेले आहे. आगापीछा नसला तर ते कोरडा उपदेश वाटते. आधी खटला सांगावा : कर्ज, करारात लिहिलेले पौंडभर मांस, कोर्टात वकील बनून आलेली बाई. मग शिक्षकाने ते एकदा सावकाश, मोठ्याने वाचावे. अर्थाची चिरफाड त्यानंतर.

मराठीभाषक शिक्षकाला आनेकलमध्ये कन्नड शिकणे भाग आहे, केवळ बाजारहाटापुरते नव्हे. मुलाच्या चुकीमागची कन्नड रचना ओळखू आली तरच ती चूक का झाली ते कळते. शिवाय इथे इंग्रजीचे प्राध्यापक आणि कन्नडचे कैवारी ही एकच माणसे होती. बी. एम. श्रीकंठय्यांनी इंग्रजी कवितांच्या कन्नड रूपांतरांतून नव्या कन्नड कवितेला वळण दिले. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवलेले वि. कृ. गोकाक हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेचे संचालक झाले आणि पुढे त्यांच्याच समितीने 1981 मध्ये शाळांत कन्नडला अग्रस्थान द्यावे असा अहवाल दिला. आपल्याकडे आगरकरांनी ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ लिहिले, तेही याच परंपरेतले.

राहिली परीक्षा. दहावीच्या द्वितीय भाषेला लेखी 80 आणि अंतर्गत 20 गुण असतात. लेखीचा सराव दिवाळीनंतर नेटाने घ्यावा. त्याआधी घेतला तर धडे वाचलेच जात नाहीत. अंतर्गत गुणांसाठी प्रत्येक मुलाकडून वाचनाची वही लिहवून घ्यावी : आठवड्याला एक पान, आवडलेला प्रसंग आणि तो का आवडला, एवढेच. वह्या तपासताना लाल शाई बेताने वापरावी आणि मजकुराबद्दल एखादा प्रश्न समासात लिहावा. पुढच्या आठवड्यात मुलाने त्या प्रश्नाचे उत्तर लिहिले आहे का, तेवढे आधी पाहावे.

तुझा मामा