मान सांभाळताना

मराठी भाषेने मानेला मोठा मान दिला आहे. स्वाभिमानी मनुष्य मान ताठ ठेवतो, अपराधी मान खाली घालतो, आणि आपण विद्यार्थी तासाला काही समजले नाही तरी मान डोलावतो. परंतु ज्याची मान एकदा धरली, त्याला यांपैकी काहीच धड करता येत नाही. गेल्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर माझी हीच गत झाली. सकाळी उठले तो मान डावीकडे वळेचना. कोणी हाक मारली की सगळे अंग वळवून पाहावे लागे. मैत्रिणींना हसू येई.

मला खरी काळजी होती ती मात्र आईची. आई घरी शिलाईकाम करते. दोन वर्षे तिची मान दुखत होती आणि रात्री एक वेदनाशामक गोळी घेतल्याशिवाय तिला झोप येत नसे. त्याच सुमारास तिचा एक्स-रे काढला. त्यात मणक्यांची झीज दिसली आणि कागदावर ‘स्पॉन्डिलोसिस’ हा शब्द आला. “आता मशीन विकावी लागणार,” एवढेच ती म्हणाली. त्या मशीनवरच माझी फी भरली जाते, हे आम्हां दोघींनाही ठाऊक होते. म्हणून मी ग्रंथालयातील शरीरशास्त्राची पुस्तके चाळली आणि ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंना शंका विचारल्या. त्यातून जे हाती लागले, ते येथे मांडते.

मानेत सात मणके असतात. गंमत म्हणजे जिराफाच्या लांबलचक मानेतही सातच! या सात मणक्यांवर सुमारे साडेचार ते पाच किलो वजनाचे डोके तोललेले असते. डोके सरळ असेल तर बराचसा भार हाडे पेलतात. ते पुढे झुकले की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते. भरलेली कळशी कमरेवर घेऊन आपण बरेच चालू शकतो. तीच हात लांब करून धरली तर क्षणात हात भरून येतो. तसेच हे आहे. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी 2014 साली याचे गणित मांडले. मान 60 अंश वाकली की मानेवरचा ताण सुमारे 27 किलोंइतका होतो, असे त्यांचे उत्तर आले. हा हिशेब गणिती नमुन्यावरचा आहे. पण मोबाईलवर डोके खुपसून बसणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवावा.

मात्र मान वाकविणे हा काही गुन्हा नव्हे. मान वाकण्यासाठीच केलेली आहे. बाधते ते तासन्‌तास एकाच स्थितीत राहणे. स्नायू सैल पडायला सवड मिळाली नाही की ते थकतात, दुखतात आणि आखडतात. पालथे झोपणे, फार उंच उशी, एकाच खांद्यावरची जड पिशवी आणि अपुरी झोप यांनी त्यात भर पडते. परीक्षेची धास्तीही कमी नाही. काळजीत माणूस नकळत खांदे वर चढवून बसतो.

राहिली झीज. चाळिशीनंतर, ज्यांची मान कधी दुखली नाही अशांच्याही एक्स-रेत ती पुष्कळदा दिसते. केस पिकावेत तसे हे आहे. म्हणून ‘मणके झिजले, आता संपले’ असे मानण्याचे कारण नाही.

आता उपाय. पहिला आणि मोठा उपाय म्हणजे हालचाल. अर्ध्या-पाऊण तासाने उठावे, चार पावले चालावे, खांदे मागे फिरवावेत. पुस्तक मांडीवर न ठेवता टेबलावर तिरपे उभे करावे. मोबाईल डोळ्यांच्या जवळपास उंच धरावा. कुशीवर झोपताना खांदा आणि डोके यांमधील पोकळी भरून निघेल, एवढीच उशी घ्यावी. आखडलेल्या मानेला दहा-पंधरा मिनिटे सोसेल असा शेक द्यावा.

व्यायाम दोन पुरेत. एक : समोर पाहत हनुवटी सरळ मागे घ्यावी, पाच अंक मोजावे, सोडावी. दुसरा : तळहात कपाळाला लावून डोक्याने हाताला हळूच रेटावे, पण डोके हलू देऊ नये, असेच दोन्ही बाजूंनी आणि मागून करावे. हे दहा-दहा वेळा, दुखणे वाढणार नाही अशा बेताने करावे. गळ्याचा पट्टा मनाने महिनोन्‌महिने वापरू नये. त्याने स्नायू दुबळे होतात. केस कापल्यावर मान कडकन मोडून घेण्याची हौसही सोडावी. मेंदूकडे जाणाऱ्या काही रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतून वर जातात आणि अशा झटक्याने त्यांना क्वचित इजा होते.

तथापि काही लक्षणे घरी निस्तरण्याची नव्हेत. हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा येणे, चालताना तोल जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, तापासह मान ताठणे, पडल्या-आपटल्यानंतर मान दुखणे, अथवा छातीतली कळ मानेकडे व हाताकडे जाणे, यांपैकी काहीही झाल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

आईचे काय झाले? फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला सुईत दोरा ओवायला सांगितला आणि त्या नुसत्या पाहत राहिल्या. आईचे नाक सुईला टेकायचेच बाकी होते. मूळ दुखणे डोळ्यांत होते. तिला जवळचे दिसत नव्हते आणि ते तिने कोणालाच सांगितले नव्हते, कारण चष्म्याला पैसे पडतात. चष्मा आणला, मशीनवर दिवा लावला, हातशिलाईसाठी मांडीवर जाड उशी घेतली. एक ब्लाउज झाला की उठायचे, हा नियम मी घालून दिला. तीन महिन्यांत रोजची गोळी डॉक्टरांना विचारून सुटली. वर्षानुवर्षे मनाने घेतलेल्या अशा गोळ्या जठर आणि मूत्रपिंडे बिघडवतात, हे आम्हांला तेव्हा कळले.

दिवाळीच्या गर्दीत तिची मान अजूनही दुखते. पण मशीन चालू आहे, आणि मी तिसऱ्या वर्षात आहे. वाचकहो, हा लेख वाचताना आपण किती वेळ मान खाली घालून बसला आहात? आता वर पाहा, आणि घरात आणखी कोण मान वाकवून बसले आहे, तेही पाहा.

— तृतीय वर्ष, कला