परदेशी पाहुणा, आपला चक्का

ताईंनो, मागच्या बैठकीत एका काकूंनी विचारलं, "दुधाचं श्रीखंड सोडून दुसरं काय विकायचं गं?" म्हणून या वेळी स्कॉटलंडचा क्रॅनाखन. नाव अवघड आहे, पदार्थ सोपा. फेटलेली साय, रासबेरी, मध आणि भाजलेले ओट. त्यात व्हिस्कीही घालतात, ती आपण सोडून देऊ!

तिकडे सुगीच्या दिवसांत हा करायची पद्धत होती. सगळं वेगवेगळ्या वाडग्यांत मांडायचं आणि ज्याने त्याने आपल्या वाटीत मिसळून घ्यायचं. हे वेगळं ठेवणं लक्षात ठेवा, कारण मी इथेच फसले.

एका प्रदर्शनात आम्ही सकाळीच तीस कप भरून ठेवले. दुपारपर्यंत लाह्यांचा लगदा झाला. पहिल्या गिऱ्हाइकाने चमचा खाली ठेवला, तेव्हा कळलं. निम्मे कप टाकून दिले. दूध, फळं, कप, सगळा खर्च गटाच्या अंगावर.

आता आपल्याकडची कृती, दहा कपांसाठी. ओटऐवजी ज्वारीच्या लाह्या घ्या, नागपंचमीला करतो त्याच, तीन वाट्या. न फुटलेले गणंग चाळून काढा. कढईत चमचाभर तूप आणि तीन चमचे गूळ, चिक्कीसारखा पाक झाला की लाह्या परतून ताटात पसरा. गुळातुपाचा थर बसला की ओल लवकर आत जात नाही. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट डब्यात भरा.

नुसती साय फेटायला गेलात तर हात जरा जास्त फिरला की लोणी निघतं. त्यापेक्षा चक्का बरा. म्हशीच्या दीड लिटर दुधाचं दही लावून फडक्यात बांधा. उन्हाळ्यात बाहेर टांगू नका, आंबट होतं. फ्रीजमध्ये चाळणीवर ठेवा, रात्रभरात अर्धा किलोच्या आसपास चक्का मिळेल. पुरणयंत्रातून काढा, थंड सायीची एक वाटी आणि पाच चमचे मध हलक्या हाताने मिसळा. मध आपल्याच जिल्ह्यातला मिळतो, महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. मात्र वर्षाच्या आतल्या बाळाला मध चालत नाही, तेव्हा विकताना बाळाच्या आईला तसं सांगाच.

फळ म्हणाल तर फलटण, आटपाडी भागात डाळिंब आहेच. त्याचे दाणे अख्खे राहतात, पाणी सोडत नाहीत. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घ्या (तिला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालंय), पण साखर लागली की तिला पाणी सुटतं. म्हणून ती गिऱ्हाईक आल्यावरच चिरा.

स्टॉलवर तीन डबे ठेवायचे. चक्क्याचा डबा बर्फात. कप भरायचा तो मागणी आल्यावर: आधी चक्का, मग फळ, लाह्या सगळ्यात वर. गिऱ्हाइकासमोर भरला की त्यालाही मजा वाटते, हा माझा अनुभव. उन्हात तासाभरापेक्षा जास्त बाहेर राहिलेला चक्का परत बर्फात ठेवून विकायचा नाही, कितीही जीव तुटला तरी.

भाव ठरवताना दूध-फळांच्या जोडीला बर्फ, कप, चमचा, रिक्षाभाडं आणि उरलेला मालही वहीत लिहा. आपण बर्फच विसरतो. अन्न परवान्याची नोंदणी झालेली नसेल तर स्टॉल लावण्याआधी मला फोन करा, कागद एकत्र बसून भरू.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने गुळाच्या लाह्यांची एक वाटी आणा. चक्का मी आणते. एक कप लगेच खाऊ, एक तासभर ठेवून खाऊ.