कोड लिहून झाला, तो पोहोचवणार कोण?

इंदापूर-बारामती पट्ट्यात बारावीचा निकाल लागला की बऱ्याच घरांत एक वाक्य ठरलेलं असतं, 'कॉम्प्युटरला घालायचंय.' मग विचार सुरू होतो तो कॅप राऊंडचा, फीचा, आणि भिगवणहून रोज ये-जा करायची की पुण्यात खोली घ्यायची याचा. कॉम्प्युटरला घातल्यावर मुलगी किंवा मुलगा रोज नेमकं काय काम करणार, हे फारसं कुणी विचारत नाही. 'कोडिंग' एवढ्या उत्तरावर सगळ्यांचं समाधान होतं. कोडिंग संपतं तिथून पुढे एक मोठं काम सुरू होतं, आणि प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत त्याचं नावही नसतं. तयार सॉफ्टवेअर नीट बांधायचं, त्यावर डिजिटल सही करायची, नेटवरच्या भांडारात ठेवायचं आणि हजारो अनोळखी लोकांच्या मशीनवर ते बिनचूक उतरवायचं, असं ते काम आहे.

भिगवणकरांना हे सांगायला फार शब्द लागू नयेत. उजनीच्या पाण्यात रात्री जाळं टाकणारा वेगळा असतो आणि तीच चिलापी, कटला बर्फात घालून वेळेत शहराच्या बाजाराला पोहोचवणारा वेगळा. दुसऱ्याचं गणित चुकलं तर पहिल्याची अख्खी रात्र वाया जाते.

आता काम जरा जवळून बघू. इन्स्टॉलर दोन तऱ्हेचे असतात. ऑफलाइन इन्स्टॉलरमध्ये सगळं एकाच मोठ्या फाइलीत असतं. ऑनलाइन इन्स्टॉलर मात्र छोटासा असतो. तो सुरू केला की कंपनीच्या सर्व्हरवरच्या रिपॉझिटरीत, म्हणजे भांडारात, डोकावतो, काय काय उपलब्ध आहे ते दाखवतो आणि आपण निवडलेले भाग तेवढे ओढून घेतो. असे इन्स्टॉलर बनवायला 'क्यूटी इन्स्टॉलर फ्रेमवर्क' नावाचं फुकट साधन आहे. त्यात प्रत्येक भागाचा एक फोल्डर करतात. आत 'मेटा' आणि 'डेटा' असे दोन कप्पे असतात. डेटामध्ये खऱ्या फाइली, तर मेटामध्ये त्या भागाचं नाव, आवृत्ती क्रमांक, तारीख आणि त्याला आधी दुसरं काय लागतं याची नोंद. मग 'रेपोजेन' ही आज्ञा चालवली की भाग आवळून बांधले जातात आणि 'अपडेट्स डॉट एक्सएमएल' नावाची यादी तयार होते. वापरणाऱ्याच्या मशीनवरचं साधन पुढे हीच यादी वाचून 'नवीन काही आलंय का' हे ठरवतं.

चुका होतात त्या इथेच. फाइली बदलल्या पण आवृत्ती क्रमांक वाढवायचा राहिला, तर जुन्या ग्राहकाला काही नवीन आलंय हे कळतच नाही. सर्व्हरवर आधी यादी चढवली आणि मोठ्या फाइली मागून चढवल्या, तर मधल्या पाच-दहा मिनिटांत जो येईल त्याला यादीत माल दिसतो, पण उतरवताना सापडत नाही. म्हणून फाइली आधी आणि यादी सगळ्यात शेवटी, हा शिरस्ता. हे शिकायला फार मोठं गणित लागत नाही. लागते ती टापटीप, आणि दर वेळी तोच क्रम न कंटाळता पाळण्याची सवय. मला वाटतं, मार्क साधारण पण काम पक्कं अशा कितीतरी मुलामुलींना हे क्षेत्र फार चांगलं मानवेल.

लिनक्समध्ये हीच व्यवस्था अधिक कडक आहे. इयान मर्डॉक यांनी 1993 मध्ये सुरू केलेल्या डेबियन या लिनक्सच्या प्रकाराच्या 12 व्या आवृत्तीत, म्हणजे जून 2023 मध्ये, 64 हजारांहून जास्त पॅकेजं, म्हणजे बांधून तयार ठेवलेले सॉफ्टवेअरचे भाग, होती. तुमच्या मशीनला त्यातलं एखादं हवं असेल तर ते आधी रिपॉझिटरीची मुख्य यादी आणतं आणि तिच्यावरची डिजिटल सही तपासतं. त्या यादीत पॅकेजांच्या सूचीचा हॅश असतो आणि सूचीत प्रत्येक पॅकेजचा. हॅश म्हणजे फाइलीच्या बोटाचा ठसाच. फाइलीत एक अक्षर जरी बदललं तरी तो जुळत नाही. वाटेत कुणी माल बदलला तर मशीन तिथेच थांबतं. ही साखळी उभी करायची, सही करायच्या किल्ल्या जपायच्या आणि जुन्या झाल्या की वेळेवर बदलायच्या, ही पॅकेज सांभाळणाऱ्या लोकांची जबाबदारी.

जबाबदारी केवढी, ते 2024 साली सगळ्या जगानं पाहिलं. 19 जुलैला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट सुटलं आणि विंडोजची सुमारे 85 लाख मशीनं बंद पडली. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्याच वर्षी मार्चमध्ये लिनक्सच्या 'एक्सझेड' नावाच्या छोट्या पॅकेजात कुणीतरी चोरवाट लपवल्याचं उघड झालं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिन व्हायला जेमतेम अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा प्रश्न पडला. त्यानं तो सोडला नाही, म्हणून ती चोरवाट सापडली. तरीही 'एआय आल्यावर या नोकऱ्या राहणार का?' असं पालक हल्ली विचारतात. कोड लिहिणं सोपं होतंय हे खरं. पण जितकं जास्त सॉफ्टवेअर तयार होईल तितकं ते तपासून, सही करून सोडणारं माणूस जास्त लागेल. बिघडलं तर उत्तर द्यायला कुणाचं तरी नाव लागतंच.

हे सगळं बाहेरचं झालं, आपल्याकडे काय? आपल्याकडे आहे, आणि बरंच आहे. आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पात 'ई-सिम' नावाचं सॉफ्टवेअर तयार होतं. इलेक्ट्रॉनिक सर्किट आखून ते चालेल का, हे त्यावर बघता येतं. आत कायकॅड, एनजीस्पाइस, जीएचडीएल अशी वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेली साधनं आहेत. ती सगळी विंडोजवर आणि उबंटू या लिनक्सवर एकमेकांशी न भांडता बसवायची, ही इन्स्टॉलर बनवणाऱ्याची परीक्षाच. उबंटूची नवी आवृत्ती आली की पुन्हा पहिल्यापासून तपासणी. फॉसीकडे विद्यार्थ्यांसाठी फेलोशिपही असतात.

पुण्यात रेड हॅट या लिनक्स कंपनीचं कार्यालय आहे. लिनक्सवर मराठी नीट दिसावी म्हणून रेड हॅटनं खुले केलेले 'लोहित' फॉन्ट फेडोरा आणि डेबियन या दोन्ही लिनक्समध्ये पॅकेज म्हणूनच मिळतात. फेडोराच्या लोकांचं 'फडकॉन' संमेलन नोव्हेंबर 2011 मध्ये पुण्याच्या सीओईपी कॉलेजात आणि जून 2015 मध्ये पुन्हा पुण्यातच भरलं होतं. आणि क्विक हीलचं उदाहरण तर घरच्यासारखं. रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीला लागले. भाऊ संजय कॉम्प्युटर शिकले. दोघांनी पुण्यात अँटिव्हायरस कंपनी उभी केली. अँटिव्हायरस हा धंदाच अपडेटवर चालतो. आजची यादी आज पोहोचली नाही तर पेटीतलं सॉफ्टवेअर शिळं झालं. शाळा सोडा, असा अर्थ यातून कुणी काढू नये. कंपनीला दुरुस्ती जाणणारा भाऊ जितका हवा होता तितकाच शिकलेला भाऊही.

ग्रामीण भागातल्या मुलांचं एक बलस्थान मला इथे ठासून सांगायचंय. रेंज गेल्यावर 90 टक्क्यांवर अडकलेलं डाउनलोड त्यांनी पाहिलेलं असतं. लाइट गेल्यावर अर्धवट बसलेलं सॉफ्टवेअर पुन्हा उघडतच नाही, हेही पाहिलेलं असतं. चांगल्या ऑफिसच्या चांगल्या नेटवर बसून इन्स्टॉलर बनवणाऱ्याला या गोष्टी सुचत नाहीत. डाउनलोड तुटलं तिथून पुन्हा सुरू व्हावं, भाग लहान असावेत, पेनड्राइव्हवरून चालेल असा ऑफलाइन पर्यायही द्यावा, हे भिगवणच्या मुलाला सांगावं लागत नाही. मुलाखतीत त्यानं हे बिनधास्त बोलावं.

शिक्षण कुठलं? वेगळी पदवी लागत नाही. बारामतीत विद्या प्रतिष्ठानचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात संगणकशास्त्र आहे, भिगवणशेजारी स्वामी चिंचोलीला दत्तकला आहे. डिप्लोमा, बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर, बीई, यांपैकी कुठल्याही वाटेनं इकडे येता येतं. नोकरीच्या जाहिरातीत मात्र नुसतं 'पॅकेजिंग' शोधत बसू नका. 'रिलीज इंजिनिअर', 'बिल्ड इंजिनिअर', 'डेव्हऑप्स', 'अ‍ॅप्लिकेशन पॅकेजिंग' ही नावं शोधा. पुण्यातल्या आयटी सेवा कंपन्या मोठ्या ग्राहकांच्या हजारो लॅपटॉपवर सॉफ्टवेअर बसवून देतात. तिथे एमएसआय हा विंडोजच्या इन्स्टॉलरचा प्रकार आणि इंट्यून हे मशीनं दुरून सांभाळायचं साधन जाणणाऱ्यांना काम असतं.

एक गोष्ट पालकांना स्पष्ट सांगायला हवी. नवख्याला पहिल्याच दिवशी रिलीजची किल्ली कुणी देत नाही. बहुतेकांची सुरुवात सपोर्ट किंवा टेस्टिंगपासून होते. रिलीजच्या रात्री उशीर होतो. खुल्या प्रकल्पांतलं बरंचसं काम बिनपगारी असतं. पण त्या बिनपगारी कामाला मी फार किंमत देतो. ते सगळ्या जगासमोर नावानिशी पडलेलं असतं. कोणत्या तारखेला काय सोडलं, कुणी चूक दाखवली, ती किती दिवसांत दुरुस्त झाली, हे मुलाखत घेणारा स्वतः उघडून बघतो. त्यापुढे मार्कशीट फार छोटी वाटते. 2005 पासून चाललेल्या गूगल समर ऑफ कोडमध्ये अशा प्रकल्पांत काम करताना मानधनही मिळतं. वयाची 18 वर्षं पूर्ण हवीत.

सुरुवातीला महागडा क्लास नको. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतही आहेत आणि फुकट आहेत. मग स्वतःचा एक छोटा प्रोग्राम घ्या. दूध डेअरीचा हिशेब असो, उसाच्या टनेजचा असो. तो पायथॉनमध्ये असेल तर सरावासाठी 'टेस्टपायपीआय' ही वेगळी रिपॉझिटरी आहे, तिथे चढवून बघा. पायथॉनच्या मुख्य रिपॉझिटरीवर, म्हणजे पायपीआयवर, 2024 पासून दुहेरी ओळखपडताळणीशिवाय काहीच चढवता येत नाही, तेव्हा तीही सवय आत्ताच लावा. विंडोजसाठी 'इनो सेटअप'नं इन्स्टॉलर बनवा. सही नसलेला इन्स्टॉलर उघडताना विंडोज 'अनोळखी प्रकाशक' म्हणून अडवतं. ते का अडवतं, हे वाचून काढा. सही करायच्या प्रमाणपत्राची खासगी किल्ली जून 2023 पासून टोकनसारख्या वेगळ्या उपकरणातच ठेवावी लागते. एवढी काळजी कशासाठी, हे समजलं की अर्धं क्षेत्र समजलं. आणि आपला इन्स्टॉलर आपल्याच मशीनवर तपासू नका. तिथे सगळं आधीच बसलेलं असतं, म्हणून चालतं. कोरं मशीन घ्या, नाहीतर व्हर्च्युअल मशीन. मैत्रिणीच्या किंवा चुलतभावाच्या लॅपटॉपवर टाका, त्यांना काही न सांगता शेजारी गप्प बसा आणि ते कुठे अडखळतात ते वहीत लिहा.

प्रवेश घेण्याआधी पालकांनी कॉलेजात वसतिगृह आणि प्लेसमेंट विचारावंच. त्याबरोबर विभागप्रमुखांना आणखी दोन प्रश्न विचारावेत. लॅबमध्ये मुलांना स्वतः लिनक्स बसवू देता का? आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट नुसता जमा करून घेता, की तो दुसऱ्याच्या मशीनवर बसवून दाखवायला लावता? दुसऱ्या प्रश्नाला 'लावतो, सर' असं उत्तर मिळालं तर ते कॉलेज यादीत वर घ्या. तसं उत्तर नाही मिळालं तरी प्रवेश घ्यायला हरकत नाही, फक्त तेवढं काम मुलीनं दुसऱ्या वर्षापासून घरी सुरू करायचं.