लकवा आणि सुटलेले पोट

जिंतूरकडचे साठीतले एक शेतकरी. मागल्या वर्षी उजव्या अंगाला लकवा झाला, जीव वाचला. चार महिन्यांनी त्यांच्या पत्नी दवाखान्यात आल्या. "डॉक्टरसाहेब, खायला काही कमी केलं नाही. रोज तुपातला शिरा, दुधात खारीक. तरी मालकांना उठवून बसवायला दोन माणसं लागतात." घरी जाऊन पाहिले तर हातपाय काटकुळे आणि पोट पुढे आलेले. अंगावर मांस राहिले नाही, म्हणून आणखी तूप, असा घरच्यांचा हिशोब होता.

हा हिशोब चुकतो. लकव्यात स्नायू झडतात ते हालचाल थांबल्यामुळे. तुपाने ते भरून येत नाहीत. तूपसाखर पोटावर जाऊन बसते. मग कुशीवरून उठणे जड जाते, उभे राहताना तोल पुढे आणि अधू बाजूला जातो, निजल्यावर श्वास कोंडतो. रात्री मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे लकव्याच्या रुग्णांत पुष्कळ आढळते. त्यामुळे झोप मोडते, दिवसभर मरगळ राहते, व्यायामात मन लागत नाही. उचलणाऱ्या सुनेची कंबर धरते ती वेगळीच.

आतड्यांभोवतीची चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यामुळे रक्तदाब आणि साखर वाढते, रक्तवाहिन्या खराब होतात. म्हणजे दुसऱ्या झटक्याची तयारी.

"वजन तर बेताचेच आहे" असे पुष्कळजण म्हणतात. २००४ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा दोघांचा एकच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण दिसायला सडपातळ, आतून चरबीचे. मीही कित्येक वर्षे रुग्णांना नुसते काट्यावर उभे करीत होतो.

म्हणून शिंप्याकडची टेप घ्यावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून माप घ्यावे. पुरुषांत ९० सेंटिमीटर (साडेपस्तीस इंच), स्त्रियांत ८० (साडेएकतीस इंच) यापुढे धोका समजावा. पँटचा नंबर धरू नये, पँट पोटाखाली जाते. धोतरवाल्यांना तर नंबरच नसतो.

मात्र रुग्णाला उपाशी ठेवू नका. उपासाने स्नायू आणखी झडतात, आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर एकदम उतरते. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, मटकीची उसळ, ताक, चालत असल्यास अंडे द्यावे. शिरा, गोड चहा, पापड, लोणचे आवरावे. गिळताना ठसका लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

खरे औषध हालचाल. पहिले तीन महिने सुधारणा सर्वांत झपाट्याने होते, ते अंथरुणात घालवू नयेत. फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्यावे: खाटेच्या काठावर बसणे, खुर्चीतून उठणे, पुन्हा बसणे. दिवसातून थोडे थोडे, पण रोज.

त्या शेतकऱ्यांची कंबर १०२ सेंटिमीटर भरली होती. पाच महिन्यांत ९६ झाली. हात अजून अधूच आहे, पण एका माणसाच्या आधाराने ते ओट्यापर्यंत येतात. मध्यंतरी बरे वाटते म्हणून रक्तदाबाची गोळी सोडली होती, ती पत्नीने पुन्हा सुरू करायला लावली.