या माणसांचं घर कशावर चालतं?

गेल्या वर्षभरात हाताशी आलेली पुस्तकं एकमेकांच्या ओळखीची नव्हती. प्रवासवर्णन, आत्मकथनं, कविता, विज्ञानकादंबरी, बखरीच्या थाटातली कादंबरी. काही पहिल्यांदाच वाचली, काही पुन्हा. सगळी नोकरी बँकेत झाली म्हणून असेल, पण हल्ली कुठलंही पुस्तक उघडलं की माझ्या मनात आधी एक प्रश्न येतो : या माणसांचं घर कशावर चालतं? प्रश्न रुक्ष वाटेल. मला त्याने फार आतवर नेलं.

१. इतिहासाच्या मधोमध माणूस पुष्कळदा पोटासाठीच जाऊन पोचतो. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले, कारण घरावर कर्ज होतं आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, अशी बातमी कोकणात येऊन पोचली होती. बंड त्यांना वाटेत भेटलं. झाशीच्या वेढ्यात ते सापडले, कत्तल आणि लूट डोळ्यांनी पाहिली, मिळवलेलं गमावलं आणि गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी आले. ‘माझा प्रवास’मध्ये म्हणूनच जेवणावळी आणि दक्षिणा यांचे तपशील लढाईइतकेच ठसठशीत आहेत. हे तपशील किरकोळ मानून ओलांडणारे वाचक मला भेटले आहेत. माझा तर या पुस्तकावरचा विश्वास तिथेच बसतो. हातात काय पडलं आणि काय गेलं हे ज्या माणसाला इतकं नीट आठवतं, त्याने राणीबद्दल सांगितलेलं मी कान देऊन ऐकते. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली हे पुस्तक छापलं ते बरेच संस्कार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली आली. दोन्ही मिळत असतील तर पोतदारांची घ्यावी. भटजींचं बोलणं तिच्यात जास्त जवळून ऐकू येतं.

२. दानशूर माणसाच्या घरात पिठाचा डबा कुणी तरी दुसरंच सांभाळत असतं. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. तेव्हापासून आजवर लोक त्यातल्या विनोदाबद्दल बोलत आले आहेत, आणि तो आहेही अस्सल. मला या खेपेला दिसला तो त्या बाईंचा रोजचा झगडा. रेव्हरंड टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही. समोर कुणी गरजू आला की तो त्याचा. ते कवी होते, मनाचे राजे होते, आणि उद्याच्या स्वयंपाकाची काळजी लक्ष्मीबाईंची होती. नवल याचं वाटतं की नवऱ्याचा राग आणि नवऱ्याचा अभिमान त्या एकाच दमात सांगतात आणि दोन्ही खरे वाटतात. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्या त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षांनी गेल्या, आणि मनातली शिवाशीव त्याहून सावकाश, स्वतःच्या विचाराने सोडली. जिला वाचायला नवऱ्याने शिकवलं तिने नवऱ्याचं इतकं स्वतंत्र, इतकं मायेचं आणि इतकं निर्भीड चित्र काढावं! मराठी गद्यात संसाराबद्दल यापेक्षा खरं कुणी लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

३. मला येत असलेला हिशेब एका पुस्तकापुढे अपुरा पडला. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. कॉलेजात असताना मी ते अपमानाची आणि दुःखाची कहाणी म्हणून वाचलं होतं, आणि ती तशी आहेच. आता वाचताना त्यातलं काम दिसलं. सांगावे पोचवायचे, मेलेली जनावरं ओढायची, वेळीअवेळी कुणाच्याही हाकेला ओ द्यायची. त्याच्या बदल्यात खळ्यावरचं धान्य आणि मागून आणलेली भाकर. मी आयुष्यभर जी खाती पाहिली त्यांत कामाला दर होता, दराला तारीख होती, तारखेला पावती होती. इथे कामाला दरच नाही. आहे तो जन्म. पुढे मुंबईच्या कावाखान्यात चिंध्या, कागद, काचा वेचून आणणाऱ्या बायका येतात. त्या शहरात मी वाढले, तिथल्या रस्त्यांवरून रोज ऑफिसला गेले. ती पानं वाचून मला बराच वेळ दुसरं पुस्तक हातात घेववलं नाही. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो, अशी या पुस्तकाची रचना आहे. शिकून नोकरीला लागलेला माणूस आपल्याच मागच्या जन्माला समोर बसवून बोलतं करतो. मला वाटतं, ही रचना केवळ लेखनाची युक्ती म्हणून आलेली नाही. पगार हातात आल्यावर माणसाचे असेच दोन भाग होतात आणि ते आयुष्यभर एकमेकांशी बोलत राहतात.

४. कवितेला पोट असतं हे मला नारायण सुर्व्यांकडून कळलं. गिरणी कामगाराने उचलून वाढवलेलं मूल, गिरणीत आणि शाळेत शिपाई म्हणून राबून पुढे शिक्षक झालेला माणूस. त्याच्या ‘माझे विद्यापीठ’मध्ये भाकरीची चिंता प्रेमाच्या कवितेतही हजर असते. आणि तरी प्रेम उणं होत नाही. तेवढ्यासाठी हा संग्रह मी उशाशी ठेवते.

५. विज्ञानकथेत आपण यंत्रं बघतो. बघायचे ते त्यांनी रिकामे केलेले हात. जयंत नारळीकर २०२५च्या मे महिन्यात गेले, त्यानंतर ‘वामन परत न आला’ पुन्हा काढलं. जमिनीखाली सापडलेला प्राचीन संस्कृतीचा ठेवा, त्यातून घडवलेला यंत्रमानव, आणि ती संस्कृती का संपली याचा शोध. शेवट सांगत नाही. पण सगळी कामं यंत्रांच्या गळ्यात घालणाऱ्या समाजाचं पुढे काय होतं, हा प्रश्न त्यांनी किती आधी विचारून ठेवला होता. पात्रं थोडी सपाट आहेत, संवाद कधी वर्गातल्यासारखे होतात. हे मान्य करूनही हे पुस्तक आजच्या तरुणांनी वाचावं असं मला कळकळीने वाटतं. आपली पहिली कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने धाडणारा हा लेखक होता. नावाचा भार कथेवर पडू नये, ही काळजी त्यांच्या लिहिण्यातही दिसते.

६. पराक्रमाचा खर्च कुणी भरला, हे विचारल्याशिवाय पराक्रम वाचू नये. नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ १९९७ची. बखरीच्या भाषेत बोलणारा अंताजी शूर नाही, तसा दावाही करत नाही. नागपूरकर भोसल्यांच्या बंगालवरच्या स्वाऱ्या तो जवळून बघतो, आणि चौथाई वसूल करताना गावात काय होतं ते सांगतो. त्या स्वाऱ्यांची आठवण बंगालच्या अंगाईगीतांत अजून आहे, हे मला ठाऊक होतं. आपल्याच भाषेतल्या माणसाच्या तोंडून ते ऐकणं जड गेलं. खऱ्यांची भाषा सुरुवातीला अडवते. थांबावं, पन्नासएक पानांनंतर ती बोलू लागते.

७. काही पुस्तकांपुढे माझा प्रश्न गप्प बसतो, आणि ते बरंच आहे. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ १९५६चं. त्या त्या महिन्याचा लेख त्या त्या महिन्यात, असं ते मी वाचलं. झाडाकडे, फुलाकडे, आभाळाच्या रंगाकडे त्या इतक्या एकाग्रतेने बघतात की त्यांना दुसरं काही विचारणं अप्रस्तुत वाटतं.

८. भरपाईत काय बसत नाही, ते कादंबरीत बसतं. कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला म्हणून मी ती आणली, आणि पुरस्कार विसरून वाचली. विस्थापित झालेल्या गावाचा एक माणूस मागे राहिलेल्या म्हशीला शोधायला परत जातो, बस, एवढंच. जमिनीचा मोबदला कागदावर येतो, घराचाही येतो. त्या जनावराचं आणि माणसाचं एकमेकांवर जे देणं आहे ते कुठल्या रकान्यात लिहायचं? म्हैस एव्हाना रानाची झालेली, माणूस कुठलाच उरलेला नाही. गेल्या काही वर्षांतल्या मराठी कादंबऱ्यांत मला ही सर्वांत जवळची वाटली.

९. सध्या त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’ चालू आहे. रणभूमी स्वतः पायाखाली घालून आलेल्या संशोधकाचा हा ग्रंथ. तिथल्या वाटा आणि अंतरं त्यांना तोंडपाठ आहेत. दिल्लीच्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत फौजेचे पगार भागवायला सदाशिवरावभाऊंनी उतरवलं, हे लहानपणी ऐकलेलं होतं. तेव्हा त्यातली चांदी डोळ्यांपुढे यायची, आता थकलेले पगार येतात. गोविंदपंत बुंदेले मारले गेले आहेत, रसदेच्या वाटा बंद झाल्या आहेत, छावणीत लाखभर माणसं आणि जनावरं अडकून पडली आहेत. संक्रांतीच्या लढाईला अजून काही पानं आहेत. त्या छावणीतल्या बाजारात आज धान्य काय भावाने विकलं जात असेल, याचा विचार करत मी पान उलटते आहे.