मघाशी, आत्ता, एवढ्यात : कोरियन कालवाचक शब्द मराठीतून



गेले वर्षभर मी कोरियन भाषा शिकतो आहे. राजा सेजोंग याने 1446 मध्ये जाहीर केलेली हांगुल लिपी नेटाने बसले तर थोड्या दिवसांत वाचता येते. खरी अडचण पुढे येते. शब्दकोशात चार वेगवेगळ्या कोरियन शब्दांपुढे इंग्रजीत ‘नाऊ’ किंवा ‘जस्ट नाऊ’ आणि हिंदीत ‘अभी’ एवढेच दिसते. मग कोणता शब्द कुठे वापरायचा? माझा अनुभव असा, की हे शब्द मराठीतून समजून घेतले तर गोंधळ बराच कमी होतो. म्हणून हा लेख.

आधी एक शंका. कॅडेटने कोरियन कशाला शिकायची? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक वर्गांना शिकता येतील अशा परकीय भाषांमध्ये कोरियनचे नाव आहे, हे एक कारण. दुसरे कारण आपल्या सैन्याच्या इतिहासात आहे. कोरियन युद्धानंतर, 1953 मध्ये, मायदेशी परतायला तयार नसलेले 22,000 हून अधिक चिनी व कोरियन युद्धकैदी भारतीय सैनिकांच्या ताब्यात देण्यात आले. त्या ‘कस्टोडियन फोर्स इंडिया’चे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात हे मराठी सेनानी होते. कैद्यांशी बोलणे दुभाष्यांमार्फतच चाले. अशा ठिकाणी ‘आत्ता’ आणि ‘नंतर’ यांत गफलत होऊन चालत नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. खाली उच्चार देवनागरीत दिले आहेत, ते जवळपासचे आहेत. ‘चिगुम’, ‘कुमबांग’ यांतला ‘उ’ म्हणताना ओठ गोल करू नयेत.

1. चिगुम आणि ईजे

‘चिगुम’ म्हणजे या क्षणी, आपले ‘आत्ता’. ‘ईजे’ म्हणजे आधी तसे नव्हते, यापुढे तसे आहे, असे सुचवणारे ‘आता’. ‘चिगुम कायो’ म्हणजे ‘आत्ता जातोय’. ‘ईजे कायो’ म्हणजे ‘चला, आता निघतो’. बसणे झाले, गप्पा झाल्या, निघायची वेळ आली. गणित समजल्यावर आपण ‘आता कळलं’ म्हणतो, कारण आधी कळले नव्हते. तिथे कोरियन माणूस ‘ईजे’ म्हणतो.

2. आक्का, पांगगुम आणि कुमबांग

‘आक्का’ म्हणजे मघाशी. आजच, पण थोडा वेळ होऊन गेला. जशी मागच्या आठवड्यातली गोष्ट आपण ‘मघाशी’ म्हणून सांगत नाही, तशीच ती ‘आक्का’ म्हणूनही सांगता येत नाही. लक्षात ठेवायला सोपे वाक्य : अक्का मघाशी आली.

‘पांगगुम’ म्हणजे आत्ताच, क्षणभरापूर्वी. ‘पांगगुम वास्सोयो’ म्हणणाऱ्याने अजून बूटही काढलेले नसतात. ‘आक्का वास्सोयो’ म्हणणाऱ्याचा चहा पिऊन झालेला असतो.

‘कुमबांग’ मात्र दोन्हीकडे चालतो. ‘कुमबांग वास्सोयो’ म्हणजे ‘एवढ्यातच आलो’ आणि ‘कुमबांग ओल्केयो’ म्हणजे ‘एवढ्यात येतो’. मराठीतला ‘एवढ्यात’ही असाच मागे-पुढे दोन्हीकडे जातो. अर्थ क्रियापदावरून ठरतो, म्हणून वाक्य शेवटपर्यंत ऐकावे. गंमत अशी की ‘पांगगुम’ आणि ‘कुमबांग’ हे दोन्ही शब्द चिनी मुळाचे आहेत आणि त्यांतली दोन चिन्हे तीच आहेत, फक्त क्रम उलटा.

3. ईत्तागा आणि नाजुंग-ए

दोन्हींचा अर्थ शब्दकोशात ‘नंतर’ असा असतो. ‘ईत्तागा’ म्हणजे थोड्या वेळाने, आजच्या आज. ‘नाजुंग-ए’ म्हणजे पुढे केव्हातरी. ते आज संध्याकाळी असेल किंवा दहा वर्षांनीही. मित्र ‘ईत्तागा ब्वायो’ (थोड्या वेळाने भेटू) म्हणाला तर त्याची वाट पाहावी. ‘नाजुंग-ए ब्वायो’ म्हणाला तर आपल्या कामाला लागावे.

4. योजुम आणि छ्वेगुन

‘योजुम’ म्हणजे हल्ली, सध्या. जे काही दिवसांपासून चालू आहे ते. ‘छ्वेगुन’ म्हणजे अलीकडे, आणि एकदाच घडून गेलेल्या गोष्टीसाठीही तो चालतो. ‘हल्ली तो पहाटे धावतो’ इथे योजुम. ‘अलीकडेच त्यांनी घर बदललं’ इथे छ्वेगुन.

5. जिथे मराठी अपुरी पडते

हिंदीत ‘कल’ मागचाही आणि पुढचाही. मराठीत काल आणि उद्या वेगळे आहेत, तसेच कोरियनमध्ये ‘ओजे’ आणि ‘नेइल’. पण आपला ‘परवा’ पुन्हा दोन्हीकडचा आहे. कोरियनमध्ये मागच्या परवाला ‘कुजोक्के’ आणि पुढच्या परवाला ‘मोरे’ म्हणतात. इथे मराठीवर विसंबू नये, दोन्ही शब्द पाठच करावेत. तसेच ‘ओजे’ (काल) आणि ‘ईजे’ (आता) यांच्या उच्चाराकडे नीट लक्ष द्यावे.

हे सगळे शिकताना मला एक वेगळीच गोष्ट जाणवली. मी जबलपूरच्या घमापुरचा. 1956 पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि नागपूर त्याची राजधानी होती. आजही जबलपुरात आमच्यासारखी मराठी घरे आहेत. घरात मराठी आणि गल्लीत हिंदी. त्यामुळे ‘अभी’ हा एकच शब्द सगळी कामे करतो. पोहोचल्यावरही ‘अभी आया’ आणि आईने हाक मारल्यावर, जागेवरून न हलता, तेही ‘अभी आया’! आमची आजी ‘मघाशी’ म्हणते. धाकटी भावंडे मराठी बोलतानाही ‘तो अभी आला होता’ म्हणतात. ‘आक्का’चा अर्थ मला एका क्षणात कळला, तो आजीमुळे. भावंडांना तो समजावायला मला चार वाक्ये लागली, कारण तो शब्दच त्यांच्या बोलण्यातून गेला आहे. हिंदी आमचीच आहे, तिच्याशी भांडण नाही. पण घरातला एक शब्द गेला की त्याच्याबरोबर एक बारीक फरकही जातो, आणि तो नव्याने शिकायला मेहनत पडते.

म्हणून पालकांना एक विनंती. रविवारच्या फोनवर आमच्याशी मराठीतच बोला, आणि ‘मघाशी’, ‘एवढ्यात’, ‘हल्ली’, ‘अलीकडे’ हे शब्द मुद्दाम वापरा.

सराव

पुढील वाक्यांत ठळकपणे कोणता कोरियन शब्द येईल?
1. आजोबा मघाशीच जेवले.
2. हल्ली रोज पाऊस पडतो.
3. आधी पोहता येत नव्हतं, आता येतं.
4. रात्रीच्या अभ्यासानंतर भेटू.
5. मोठा झालास की सांगेन.
6. जरा थांब, एवढ्यात येतो.

उत्तरे : 1. आक्का 2. योजुम 3. ईजे 4. ईत्तागा 5. नाजुंग-ए 6. कुमबांग

– एक कॅडेट, इयत्ता दहावी (घमापुर, जबलपूर)